राखणदार कोण? कामाच्या जागेची सुरक्षा धानोऱ्याच्या जंगलातून समजून घेऊ



'कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि गुन्हेप्रतिबंध' असा विषय पीएचडीसाठी डोक्यात आला की पुढचा आराखडा बहुतेक वेळा ठरलेला असतो. एखादी कंपनी किंवा मॉल घ्यायचा, गेटवर गार्ड किती, सीसीटीव्ही किती ते मोजायचं, शंभर कर्मचाऱ्यांना प्रश्नावली वाटायची आणि शेवटी 'सुरक्षा वाढवली पाहिजे' अशी शिफारस करायची. यात चूक काही नाही. पण सुरक्षा म्हणजे गार्ड, गुन्हा म्हणजे चोरी आणि कामाची जागा म्हणजे चार भिंती, या तीन गोष्टी आपण न तपासताच धरून चालतो. संशोधन करायचं तर तपासायच्या त्याच असतात.

म्हणून आज मुद्दाम अशी कामाची जागा घेऊ जिला भिंत नाही, गेट नाही आणि बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंजही नाही. गडचिरोली जिल्ह्यातला धानोरा तालुका. इथे उन्हाळ्यात हजारो लोकांचं कामाचं ठिकाण म्हणजे तेंदूपत्त्याची फळी, आणि एरवी बांबूचं जंगल.

'जंगल कसं काय कामाचं ठिकाण?' असं गाईड विचारणारच. उत्तर तयार ठेवा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बघा. त्यात कामाच्या ठिकाणाची व्याख्या ऑफिसपुरती नाही. असंघटित क्षेत्र त्यात आहे, कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आहे, मालकाने दिलेल्या वाहनातला प्रवाससुद्धा आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. म्हणजे पहाटे पानं तोडायला निघालेली बाई कामाच्या जागेवर आहे की नाही, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तुमच्या अभ्यासात 'कामाची जागा' कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे पहिल्या पाच पानांत लिहून टाका. नाहीतर व्हायवामध्ये तिथेच अडकाल.

आता सिद्धांत. १९७९ मध्ये लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी एक साधीच वाटणारी गोष्ट मांडली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुबत्ता वाढली, तरी घरफोड्या वाढल्या. असं का? त्यांचं म्हणणं असं की गुन्हा घडायला तीन गोष्टी एकाच वेळी एकाच जागी याव्या लागतात: गुन्हा करायला तयार असलेला माणूस, हाताशी येईल असं लक्ष्य, आणि राखणदाराची गैरहजेरी. घरातले सगळे दिवसभर बाहेर राहायला लागले आणि टीव्ही-रेडिओ हलके, उचलून नेण्याजोगे झाले. माणसं अचानक वाईट झाली असं मानायची गरजच उरली नाही. रोजचे व्यवहार बदलले म्हणून याला रुटीन ॲक्टिव्हिटी थिअरी म्हणतात.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, यात नवीन काय? धान तयार झालं की आपण जागलीला जातोच की. बरोबर आहे. नवीन इतकंच, की यातून संशोधनाला मोजता येतील असे घटक मिळाले. लक्ष्य किती 'सोयीचं' आहे हे त्यांनी चार गोष्टींवर ठरवलं: किंमत, वजन-आकार म्हणजे हलवायला किती जड, दिसतं किती, आणि तिथवर पोचता किती सहज येतं.

हे तेंदूला लावून बघू. पान झाडावर असताना त्याला चोरीचं लक्ष्य म्हणणं कठीण, कारण एका पानाला किंमतच नाही. ते तोडून, घरी आणून, घरच्या सगळ्यांनी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधले की किंमत येते. मग पुडे फळीवर जातात, मोजले जातात, उन्हात रांगांनी वाळत पडतात, उलटवले जातात, शेवटी बोदांत भरून गोदामाकडे निघतात. किंमत प्रत्येक टप्प्याला वाढते आणि राखणदार प्रत्येक टप्प्याला बदलतो. घरात घरचे, फळीवर मुन्शी, वाटेत ट्रकवाला, गोदामात कंत्राटदाराचा माणूस. वाळत घातलेले पुडे उघड्यावर असतात, सगळ्यांना दिसतात आणि वाळलेलं पान एका काडीने पेटतं. म्हणजे चोरीपेक्षा जाळपोळीचं लक्ष्य म्हणून ते जास्त सोयीचं. 'सुरक्षा कमी आहे' हे वाक्य इथे पुरत नाही. कोणत्या टप्प्यावर, कोणत्या गुन्ह्यासाठी, कोणाची कमी आहे, ते सांगावं लागतं.

बांबूचं गणित उलटं. तो लांब, जड, लपवायला अवघड. पण त्याची खरी कुंडी वेगळीच आहे, ती म्हणजे वाहतूक परवाना, ज्याला सगळे टीपी म्हणतात. परवाना नसेल तर बांबू तोडता येईल पण विकायला नेता येणार नाही. ब्रिटिश गुन्हेशास्त्रज्ञ रोनाल्ड क्लार्क यांनी चोरांना आवडणाऱ्या वस्तूंच्या गुणांमध्ये 'सहज विल्हेवाट लावता येणं' हा गुण धरलाय. टीपी नेमका त्याच गुणावर बोट ठेवतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

क्लार्क यांचं नाव आलंच आहे तर सांगतो. परिस्थितीजन्य गुन्हेप्रतिबंध ही त्यांची मांडणी. गुन्हेगाराचं मन बदलण्याच्या मागे न लागता परिस्थिती बदला: गुन्हा करणं कष्टाचं करा, पकडलं जाण्याची भीती वाढवा, मिळकत घटवा, चिथावणी कमी करा, आणि 'मला माहीतच नव्हतं' ही सबब काढून घ्या. २००३ मध्ये डेरेक कॉर्निश आणि क्लार्क यांनी या पाच गटांत पंचवीस तंत्रं बसवली. नेटवर तो तक्ता सहज मिळेल, पाठ करत बसू नका.

आता मुद्द्याचं. फळीवरचा सगळ्यात नेहमीचा गुन्हा कोणता? रात्री येणारा चोर मनात आणू नका. पुडे मोजताना शेकड्यामागे चार-दोन पुडे 'वरचे' म्हणून घेणं, बांधणी सैल आहे म्हणून काही पुडे बाद करणं आणि तेच पुन्हा ढिगात टाकणं, वहीत आकडा कमी लिहिणं. समजा एका घराने हजार पुडे दिले आणि शेकड्याला चार वरचे गेले. चाळीस पुडे झाले, म्हणजे २,८०० पानं. एका कुटुंबाची कित्येक तासांची मेहनत गेली आणि पोलिसांकडे नोंद शून्य. हे करणारा माणूस कोण? ज्याला आपण आत्ता राखणदार म्हणालो तोच. आपल्याकडे यासाठी म्हण आहेच, कुंपणानेच शेत खाल्लं.

कामाच्या जागेचा गुन्हा रस्त्यावरच्या गुन्ह्यापेक्षा वेगळा ठरतो तो इथे. आतला माणूस आत असणारच, त्याला गेटवर अडवून उपयोग नाही. भारतीय कायद्यालाही हा फरक माहीत आहे. जुन्या दंडसंहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती, पण नोकराने मालकाची चोरी केली तर कलम ३८१ खाली सात वर्षांपर्यंत. नवीन भारतीय न्याय संहितेत हे कलम ३०६ झालं. गंमत बघा, नोकराने मालकाचं चोरलं तर वेगळं कलम आहे, पण मालकाच्या माणसाने मजुराची मोजणी कमी धरली तर तसं सरळ नाव असलेलं कलम शोधत बसावं लागतं. कायद्याने कामाच्या जागेकडे कोणाच्या नजरेतून बघितलंय, हे यातून कळतं. माझ्या मते यावर एखादा प्रबंध सहज उभा राहील.

अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी १९५३ च्या पुस्तकात विश्वासाने सोपवलेला पैसा खाणाऱ्यांचा अभ्यास मांडला. शिक्षा भोगत असलेल्या माणसांशी ते बोलले. त्यांना दिसलं की कोणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, संधी, आणि 'मी काही चोर नाही' असं स्वतःला समजावण्याची सोय, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. फळीवर तिसरी गोष्ट आयती मिळते. 'वरचे पुडे घ्यायची रीतच आहे.' जुनी रीत असेल तर मनाला टोचत नाही. इथे कॅमेरा लावून काय होणार? मुन्शी कॅमेऱ्यासमोरच मोजेल, कारण त्याच्या दृष्टीने तो लपवण्यासारखं काही करतच नाही.

मग करायचं काय? यासाठी तिसरा माणूस लागतो. जॉन एक यांनी १९९४ च्या आपल्या पीएचडी प्रबंधात सॅन डिएगोमधल्या अमली पदार्थ विक्रीच्या जागांचा अभ्यास केला. (हो, पीएचडी प्रबंधातून सिद्धांत पुढे जातो, आपल्यालाही धीर येऊ द्या.) विक्रेते कुठेही बसत नाहीत, ज्या इमारतींचा कारभार ढिला असतो त्या निवडतात, असं त्यांना दिसलं. त्यातून त्यांनी राखणदाराच्या जोडीला जागेचा कारभारी हा घटक आणला. राखणदार वस्तू सांभाळतो. कारभारी जागेचे नियम ठरवतो: कोण येईल, मोजणी कधी होईल, हिशेब कोणासमोर लिहिला जाईल. फेल्सन यांनी त्याआधी आणखी एक माणूस सांगितला होता, गुन्हा करू शकणाऱ्याला ओळखीच्या नात्याने आवर घालणारा. मुन्शी गावातलाच असेल, तर त्याची आई, चुलते, शेजारी हे सगळे त्या खात्यात येतात. बाहेरून आणलेल्या मुन्शीला असं कोणी नसतं.

म्हणजे प्रश्न बदलला. 'गार्ड किती?' याऐवजी 'कारभारी कोण, आणि तो कोणाला उत्तर देतो?' हे विचारायचं. धानोरा तालुक्याकडे याचं एक उत्तर आहे, तेही देशभर गाजलेलं.

मेंढा-लेखा हे लेखा गावाजवळचं छोटं गोंड गाव. इथले लोक फार आधीपासून ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेत आलेत आणि निर्णयाआधी अभ्यास गटात बसून चर्चा करतात. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ मध्ये मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या पहिल्या काही गावांमध्ये. या कायद्याच्या व्याख्येत बांबू आणि तेंदू ही दोन्ही गौण वनोपज आहेत, आणि कलम ५ ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार देतं. तरीही टीपी मिळेना. मालकी आहे, बांबू आहे, विकता येत नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

गुन्हेशास्त्राच्या भाषेत त्या दिवशी काय झालं? विल्हेवाटीची किल्ली जागेच्या कारभाऱ्याकडे आली. आधी राखणारा एक (गाव), नियम करणारा दुसरा (वनविभाग), आणि बांबूची मोठी तोड बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी. तीन वेगळी माणसं, तीन वेगळे हितसंबंध. आता राखण, नियम आणि हिशेब एकाच सभेत आले, आणि ती सभा उघड्यावर भरते. मजुरी, विक्री, खर्च सगळ्यांसमोर वाचलं जातं. ज्याचे पुडे कमी लिहिले तो माणूस तिथेच बसलेला असतो, आणि लिहिणाऱ्याची चुलतीसुद्धा. क्रेसींची 'सबब' आणि फेल्सन यांचा 'आवर घालणारा' एकाच मांडवाखाली.

आदर्श गाव म्हणून भारावून जाऊ नका, संशोधकाला ते परवडत नाही. एकत्र आलेली सत्ता म्हणजे तपासणीही तिच्याच हातात, हा धोका कागदावर तरी आहेच. बाहेरचा व्यापारी हा नवा कमकुवत दुवा आहे. पेसा नियमांनी ग्रामसभांना तेंदू स्वतः विकण्याचा पर्याय दिला. तेव्हापासून गडचिरोलीत कंत्राटदाराने माल उचलला पण पैसे थकवले, अशा तक्रारी वारंवार आल्यात. फळीवरची मोजणी सुधारली तरी करारावरची फसवणूक उरते. तिथे चुलती कामाची नाही, बँक गॅरंटी आणि वकील लागतो.

बाहेरची उदाहरणंही जोडून बघा. ओडिशात कित्येक गावांत ठेंगापाली चालते: आजची राखण संपली की काठी पुढच्या घराच्या दारात ठेवायची, ज्याच्या दारात काठी त्याची उद्याची पाळी. पगारी गार्ड नाही, आणि प्रत्येक घर कधी ना कधी राखणदार झाल्यामुळे चोरीची माहिती लपत नाही. आपल्याकडे शहरात मात्र गार्ड म्हणजे बारा तास उभा ठेवलेला माणूस. महाराष्ट्रात १९८१ पासून खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीसाठी स्वतंत्र कायदा आणि मंडळं आहेत. तरी ज्या गोदामाची राखण हा माणूस करतो, त्याच्या कारभारात त्याला किती विचारलं जातं, हे एकदा बघून या.

आता सगळ्यात महत्त्वाची अडचण, जी मला विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून फार खुपते. समजा तुम्ही ठरवलं: २००५ ते २०१५ चे धानोऱ्यातले वनगुन्हे काढू, २००९ ला रेघ मारू, आणि सामूहिक हक्कानंतर गुन्हे घटले का ते बघू. छान दिसतंय ना? फसाल. २०११ च्या आधी मेंढ्याच्या माणसाने बांबू तोडून विकायला नेला असता तर वनविभागाच्या नोंदीत तो गुन्हेगार ठरला असता. परवान्यानंतर तोच माणूस, तीच कुऱ्हाड, तोच बांबू, आणि तो विक्रेता. आलेखात रेघ खाली येईल, पण वागणं बदललेलं नसेल, नाव बदललेलं असेल. तुमचं मोजण्याचं भांडंच मध्येच बदललं. प्रयोगशाळेत अर्ध्या प्रयोगात तराजू बदलला तर आपण निकाल फेकून देतो. इथे मात्र लोक खुशाल पेपर छापतात.

त्यातून बहुतेक वनगुन्हे वनविभागाच्या रजिस्टरात, पोलिसांच्या आकडेवारीत नाहीत. मजुरीची फसवणूक दोन्हीकडे नाही. शिवाय १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता आल्याने कलमांचे क्रमांक बदलले, म्हणजे जुन्या-नव्या नोंदी जुळवताना आणखी एक जोड. यावर एक मार्ग सुचतो: गुन्ह्याच्या नोंदींऐवजी घटना मोजा. मजुराने सांगितलेले पुडे आणि वहीतले पुडे यांतला फरक, रोज, प्रत्येक फळीवर. हे आकडे कोणी तयार करून ठेवलेले नाहीत, तुम्हालाच उन्हात बसून करावे लागतील.

'इथे राखण वाढवली तर चोर शेजारच्या जंगलात जाईल' हा आक्षेप परीक्षक घेतीलच. याला विस्थापन म्हणतात. जुनं उदाहरण गाड्यांचं आहे: पश्चिम जर्मनीत १९६० च्या दशकात सगळ्याच गाड्यांना स्टीअरिंग लॉक सक्तीचं झालं आणि चोऱ्या घटल्या. ब्रिटनमध्ये १९७१ पासून फक्त नव्या गाड्यांना लावलं, तर चोर जुन्या गाड्यांकडे वळले. पण हे दरवेळी होतंच असं नाही. २००९ मध्ये रॉब गुरेट आणि केट बोवर्स यांनी १०२ अभ्यास तपासले. सुमारे २६ टक्के निरीक्षणांत विस्थापन दिसलं, तर सुमारे २७ टक्क्यांत उलट शेजारच्या भागालाही फायदा झाला. म्हणून आराखड्यात सामूहिक हक्क नसलेलं शेजारचं एखादं गाव ठेवा. त्याशिवाय हा आक्षेप खोडता येणार नाही.

आणि एक उदाहरण असं, ज्यापुढे ही सगळी मांडणी थोडी अडखळते. १ मे २०१९. शेजारच्या कुरखेडा तालुक्यात दादापूरजवळ रस्त्याच्या कामावर उभी असलेली दोन डझनांहून अधिक वाहनं आणि यंत्रं नक्षलवाद्यांनी रात्री जाळली. उघड्यावर, रात्री, राखण नसलेली महागडी यंत्रं. सिद्धांताला अगदी चपखल. पण त्याच दिवशी घटनास्थळाकडे निघालेल्या पोलिसांचं वाहन जांभूळखेड्याजवळ स्फोटात उडवलं गेलं, पंधरा जवान आणि चालक मारले गेले. गुन्हा घडला की तपासाला जायचं, हा सुरक्षा यंत्रणेचाच नेम लक्ष्य ठरला. कोहेन-फेल्सन यांच्या मांडणीत राखणदार आला की गुन्हा टळतो. इथे राखणदाराचं येणंच हेरलेलं होतं. अशा ठिकाणी 'रोजचा व्यवहार' म्हणजे गस्तीची वेळ, रस्ता, वाहन हेसुद्धा अभ्यासात लक्ष्याच्या रकान्यात टाकावं लागतं. आणि राजकीय हिंसेला नुसती चोरीसारखी संधी समजून बघितलं तर तिची कारणं हातातून निसटतात, हेही प्रबंधात स्पष्ट लिहा.

कोणाला हा विषय खरंच घ्यायचा असेल, तर माझ्या मते पूर्ण तालुका घेऊ नका. दोन-तीन फळ्या आणि एक तेंदू हंगाम पुरे. प्रश्न एवढाच ठेवा: मोजणी कोणासमोर होते यावर सांगितलेल्या आणि लिहिलेल्या पुड्यांतला फरक अवलंबून आहे का? गोंडवाना विद्यापीठात असाल तर जाणं-येणं सोपं, बाहेरचे असाल तर राहण्याची सोय आधी बघा. गोंडी येत नसेल तर सोबत गोंडी बोलणारा साथीदार हवा, आणि शक्यतो तो मुन्शीचा नातेवाईक नसावा. विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीचा कागद मिळाला म्हणजे काम झालं असं समजू नका. आधी ग्रामसभेत जाऊन काय मोजणार, कशासाठी आणि आकडे कोणाला दाखवणार हे सांगा, आणि सर्वसहमती व्हायला दोन बैठका लागल्या तर थांबा. मुन्शीलाही त्याच बैठकीत सांगा. त्याच्या पाठीमागे मोजत बसलात तर हंगामभर तो तुम्हाला वही दाखवणार नाही. पानांची तोड उन्हाळ्यात सुरू होते, म्हणजे परवानगीचं बोलणं हिवाळ्यातच काढायला हवं.